सरकीचा स्क्रू आणि जेवायचा हात

मला डावं-उजवं कळत नाही. साठी ओलांडली तरी कळत नाही. रिक्षावाल्याला "डावीकडं घ्या" म्हणते आणि हात उजवीकडं करते. गारखेड्यातले ओळखीचे रिक्षावाले आता माझ्या हाताकडं बघतात, बोलण्याकडं नाही. लहानपणी पिशोरच्या शाळेत बाईंनी सांगितलं होतं, ज्या हातानं जेवतेस तो उजवा. तेव्हापासून कुणी डावं-उजवं काढलं की मी मनातल्या मनात एक घास उचलते आणि मग उत्तर देते. तेवढा धीर लोकांना नसतो.

अशा बाईनं पहिली नोकरी कुठं धरावी? तर स्क्रू कन्व्हेयर बनवणाऱ्या कारखान्यात, जिथं सगळा धंदाच डाव्या-उजव्यावर चालतो. आमचे वडील, आबा, म्हणायचे, आंधळ्याला गुरं राखायला ठेवलं. खोटं नव्हतं ते.

उस्मानपुऱ्यात पत्र्याची एक शेड होती. मालकाला सगळे शेठ म्हणत. दोन वेल्डर, एक मोठे मिस्त्री आणि कोपऱ्यातल्या लाकडी खोलीत ड्रॉइंग काढायला मी. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून नुकती बाहेर पडलेले. गारखेड्याला मामांकडं राहायचे, सायकलवर यायचे. शेडमध्ये बाई म्हणून मी एकटीच, त्यामुळं सुरुवातीचा महिनाभर सगळे माझ्यासमोर फार शुद्ध बोलायचे आणि मला काहीच कळायचं नाही.

स्क्रू कन्व्हेयर ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते. एक लांब पाइप असतो. त्याच्याभोवती पोलादी पाती गोल गोल वर चढत गेलेली असते. हा पाइप पन्हळीत आडवा ठेवायचा आणि एका टोकाला मोटार लावायची. पाइप जागच्या जागी फिरतो, पण पन्हळीत टाकलेली सरकी, डाळ, सिमेंट, जे काय असेल ते पुढं चालू लागतं. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडं इतका वेळ बघत बसले की माझा डबा तसाच राहिला. पाती पुढं चाललेली दिसते, आणि जात तर कुठंच नाही. मग पुढं जातं ते काय? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. नव्या माणसानं असले प्रश्न विचारले की लोक हसतात, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. न कळता "हो, हो" म्हणायची खोड मला तेव्हापासूनची.

पातीला हात असतो. एक उजव्या हाताची पाती, एक डाव्या हाताची. मोटार त्याच बाजूला फिरत राहिली तरी उजव्या पातीचा स्क्रू माल एकीकडं नेतो आणि डाव्या पातीचा दुसरीकडं. कारखान्यात याची खात्री एकाच माणसाला होती. ते म्हणजे मोठे मिस्त्री. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्यांना दोन पोरं होती, असं ते आपलं वय सांगायचे. त्यानंतर तीस वर्षांवर त्यांचं आयुष्य लोखंडात गेलेलं. पत्र्याच्या गोल चकत्या कापायच्या, त्यांना एक चीर द्यायची, साखळी-पुलीनं दोन्ही टोकं ओढून पीळ आणायचा आणि पाइपवर वेल्ड करायच्या. हे सगळं ते अंदाजानं करायचे आणि अंदाज कधी चुकायचा नाही. पातीचा हात ओळखायला ते उजवा पंजा पाइपवर ठेवायचे, डोळे मिटायचे, अंगठा पातीच्या कलानं सरकवायचे आणि सांगायचे, "सीधा," म्हणजे उजवी. किंवा "उल्टा," म्हणजे डावी. झालं. चाचा कुणाला काही विचारायचे नाहीत. शेठ त्यांना विचारायचे, गिऱ्हाइकं विचारायची, एकदा तर कॉलेजातले एक सर घडीची वही घेऊन विचारायला आले होते.

माझ्या नोकरीला वर्ष होत आलं तेव्हा पिशोरच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगचं काम आलं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथं यंत्रांची ओळ, आणि ओळीखाली वीस फुटांची पन्हळ. वरून सरकी सगळ्या पन्हळीत पडणार. ती दोन्ही टोकांकडून मधोमध आणायची, कारण मधल्या भोकाखाली सरकी वर चढवणाऱ्या डब्यांचा पट्टा होता. म्हणजे स्क्रूचे दोन अर्धे भाग, मध्ये जोड, आणि मोटार एकच. एक अर्धा सरकी इकडून मध्ये आणणार, दुसरा तिकडून.

ड्रॉइंग माझ्याकडं आलं आणि मला एक फार हुशारीची कल्पना सुचली. दोन वेगवेगळे अर्धे कशाला? एकच अर्धा काढायचा, तसेच दोन बनवायचे आणि दुसरा उलटा फिरवून बसवायचा. याचं टोक तिकडं, त्याचं टोक इकडं. दिशा आपोआप उलटी होणार. माणूस पाठ फिरवून चालू लागला की उलट्या दिशेनं जातोच ना. मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, "दुसरा भाग पहिल्याप्रमाणेच, उलटा करून बसवणे," आणि खाली सही केली. शेठनी बघितलं आणि म्हणाले, "लई डोकं हाय पोरीला. एकाच मापात दोन्ही कामं!" मी त्या दिवशी सायकलवरून गाणं म्हणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चाचा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत कधी यायचे नाहीत, हात काळे असतात म्हणून. त्यांनी दारातूनच हात लांब करून वीतभर लांबीची आटे पाडलेली सळई आणि एक नट माझ्या टेबलावर ठेवला.

"बेटा, ये नट इस तरफ से चढाओ."

मी चढवला.

"अब निकालो. सळई उल्टी करो. अब उस तरफ से चढाओ."

मी तसं केलं. नट चढला. चाचा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना काहीतरी ऐकायचं होतं हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. बाहेर शेठ मला हाका मारत होते.

"समझ में आया?"

"हो चाचा," मी म्हणाले. "आलं ना."

"तो कागज वैसाच रखना?"

"हो. बरोबरच आहे कागद."

त्यांनी कागदावरच्या माझ्या सहीकडं बघितलं. मग "हौ" म्हणाले आणि गेले. नट आणि सळई मी पर्समध्ये टाकली, टेबलावर पसारा नको म्हणून. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस आहे, आटे किती साफ पाडलेत ते दाखवायला आला असेल.

पंधरा दिवसांनी स्क्रू जिनिंगमध्ये बसला. आमच्याकडं रीत अशी होती की ज्यानं यंत्र बनवलं त्यानंच पहिलं बटण दाबायचं. नारळ शेठ फोडायचे, बटण मिस्त्री दाबायचा. चाचांनी त्या दिवशी धुतलेला पायजमा घातला होता. जिनिंगचे मालक, त्यांचे भाऊ, हमाल, सगळे पन्हळीभोवती उभे होते. काम माझ्या गावाजवळचं म्हणून शेठनी मलाही आणलं होतं. चाचांनी बटण दाबलं.

एका अर्ध्यातली सरकी झकास मध्ये आली आणि भोकातून खाली पडली. दुसऱ्या अर्ध्यातली मात्र मध्याकडं पाठ करून टोकाकडं निघाली. टोकाला वाट नव्हती. सरकी तिथं दाटत गेली, पन्हळीचं झाकण उचललं गेलं, मोटारीचा पट्टा घसरून किंचाळला आणि मोटार बंद पडली. हमाल हसायला लागले.

शेठ चाचांकडं वळले. "पोरीनं उलटा करून बसवा म्हनून लिहिलंय. तुम्ही उलटा केला नाय."

"किया," चाचा म्हणाले.

"मंग ही सरकी काय माझ्या मामाच्या घरी चाललीय व्हय? काढा. उलटा करा."

दोन्ही टोकांना जोडाची भोकं सारखीच होती. तो अर्धा सोडवला, चौघांनी उचलून इकडचं टोक तिकडं केलं, परत बसवला. बटण दाबलं. सरकी परत तिकडंच. मी डोळे फाडून बघत होते. उलट्याचं उलट केलं म्हणजे सुलट झालं, म्हणजे आता तरी फरक पडायला पाहिजे होता, निदान आणखी वाईट तरी व्हायला पाहिजे होतं. काहीच झालं नाही. जिनिंगचा वायरमन म्हणाला, मोटारच उलटी फिरवू, दोन वायरी बदलल्या की झालं. वायरी बदलल्या. आता बिघडलेला अर्धा सुधारला आणि चांगला होता तो बिघडला. सरकी दुसऱ्या टोकाला दाटली आणि तिकडचं झाकण उडालं. मी मनात घासावर घास उचलत होते, हा उजवा, हा डावा, आणि थोड्या वेळानं मी कुठल्या हातानं जेवते तेही मला आठवेना.

जिनिंगचे मालक स्वतः वाकून सांडलेली सरकी गोळा करायला लागले. त्यामुळं शेठना जास्त लागलं. त्यांनी सगळ्यांसमोर चाचांना सांगितलं, "चाचा, आता बास झालं. वय झालं तुमचं. सोमवारपासनं तुम्ही नुसता पत्रा कापा. स्क्रूला हात लावू नका. दिवाळीपत्तूर बघू, नंतर घरी बसा."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी खाली बघितलं. चूक कुठं आहे हे मला त्या क्षणी खरंच माहीत नव्हतं, हे मी देवाशपथ सांगते. पण ती माझ्या कागदात असू शकते एवढं माहीत होतं. आणि नोकरी गेली तर आबा मला पिशोरला परत नेणार आणि येत्या उन्हाळ्यात नवरा बघून उजवणार, हेही माहीत होतं. मी गप्प बसले. तोंडातून शब्द फुटला नाही असं लोक म्हणतात, तसं नव्हतं. शब्द होता. मी तो गिळला.

जिनिंगपासून पिशोरचं घर जवळ, म्हणून शेठनी मला घरीच सोडलं. आबा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. दोन पदर, मधे पीळ, पायाच्या अंगठ्यात एक टोक. मी शेजारी बसले आणि वळून झालेला तुकडा उगाच हातात घेतला. पीळ तिरका चढत गेलेला, अगदी पातीसारखा. मी तो उलटा धरला, वरचं टोक खाली. पीळ तसाच तिरका. परत उलटा केला. तसाच.

"आबा, दोर उलटा धरला तर पीळ उलटा नाही होत?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की शहरात हिचं काहीतरी बिघडलंय. "येडी का काय? दोर कुठनंबी धर. वरून धर, खालून धर, पीळ त्योच. पीळ बदलायचा तर सोडून नव्यानं वळावा लागतो. सुंभ जळंल पन पीळ जायचा नाय, आयकलं नाय का कधी?"

ऐकलं होतं. शंभरदा ऐकलं होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि मी सर्टिफिकेट घेऊन तिच्या उलट सही केली होती. मग मला पर्समधली सळई आठवली. मी नट एका टोकानं चढवला. काढला, सळई उलटी केली, दुसऱ्या टोकानं चढवला. दोन्ही वेळा नट त्याच बाजूला फिरवावा लागला. चाचांनी मला हेच सांगितलं होतं. ड्रॉइंग चूक आहे असं तोंडानं म्हटलं नाही, माझा मान राखला, आणि माझ्याच हातानं माझी चूक मला दाखवली. आणि मी "आलं ना" म्हणाले होते. मी ओट्यावर रडायला लागले. आबांना वाटलं, दोराचं ऐकून रडतीये, आणि ते घाबरून आईला हाका मारायला लागले.

सोमवारी मी शेडमध्ये आधी चाचांकडं गेले. ते कोपऱ्यात पत्र्यावर खडूनं रेघा मारत होते. मी सळई पुढं केली.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं."

"हौ."

"मग बनवला कशाला? मला स्पष्ट का नाही म्हणालात?"

त्यांनी खडू ठेवला. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर किती बरं झालं असतं. पण त्यांचा चेहरा माझ्याहून गोंधळलेला होता.

"तुम दोनो तरफ से नट चढाए," ते म्हणाले. "मेरे सामने चढाए. फिर बी बोले कागज बरोबर है. मैं सोचा, पढे हुए लोगां को कुछ और दिखता होंगा. घर जाके मैं बी चढाया. दस बार चढाया. मेरे को वैसाच दिखा, पन तुम तो सही करके बैठे थे." ते आपल्या तळव्याकडं बघत होते. "तीस बरस में पहली बार मेरे को लगा, मेरे हाथां झूठ बोल रहे."

मी सरळ शेठच्या टेबलापाशी गेले आणि सगळं सांगितलं. नट, सळई, दोर, माझं न कळता हो म्हणणं. शेठनी तीनदा ऐकलं आणि त्यांना तीनदाही कळलं नाही. शेवटी मी त्यांच्या हातात दोराचा तुकडा दिला. तो त्यांनी इतक्या वेळा उलटसुलट केला की पदर सुटायला लागले. मग म्हणाले, "म्हंजे गाढव तू हायेस," आणि चाचांकडं बघून, "आन तुम्हीबी. दिसत व्हतं तर बनवलं कशाला?" चाचांनी खडू उचलला आणि ते परत पत्र्यावर वाकले. शेठनी माझी नोकरी ठेवली, चाचांचं कामही त्यांना परत दिलं. इतका हलका जीव मला पुन्हा कधी झाल्याचं आठवत नाही. मला वाटलं, संपलं, सगळं जागेवर आलं.

चाचांनी डाव्या हाताचा अर्धा नव्यानं बनवला. आम्ही परत जिनिंगला गेलो. नारळ फुटला. शेठ म्हणाले, "चाचा, दाबा." चाचा मागं सरकले.

"नक्को. इसको दबाने दो."

मला वाटलं, मला मान देतायत. मी दाबलं. दोन्ही टोकांकडून सरकी शहाण्यासारखी मध्ये आली आणि खाली पडू लागली. शेठ हसले, हमालांनी टाळ्या वाजवल्या. चाचा स्क्रूकडं बघतच नव्हते. ते माझ्याकडं बघत होते, मी हसते की नाही ते. मी हसले तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

त्यानंतर ते माझ्या खोलीच्या दारात यायला लागले. प्रत्येक स्क्रूच्या आधी. "बेटा, ये सीधा है ना? जरा देखो." मला, जिला घास उचलल्याशिवाय डावं-उजवं सांगता येत नाही, तिला ते विचारायचे. पहिल्यांदा मी थट्टेवारी नेलं. मग मला राग यायला लागला, त्यांचा नाही, पण निघायचा त्यांच्यावरच. वेल्डरही हसायला लागले होते. मी बघून सांगायचे, ते मान डोलवायचे, आणि कधीकधी पाइपपर्यंत जाऊन परत यायचे. "सीधाच बोले ना?"

एकदा एका डाळ मिलचा जुना झिजलेला स्क्रू आला. तसाच नवा बनवायचा होता. मी ठरवून ड्रॉइंगवर पातीच्या हाताची जागा कोरी सोडली आणि कागद चाचांना नेऊन दिला.

"ये खाली कायको छोडे?"

"तुम्ही सांगा, चाचा. तुम्ही सांगाल ते लिहिते."

त्यांनी जुन्या पाइपवर पंजा ठेवला. डोळे मिटले. अंगठा पातीवरून सरकवला, जसा हजारदा सरकवताना मी पाहिला होता. माझा जीव टांगणीला लागला होता. मी मनात म्हणत होते, म्हणा चाचा, काहीही म्हणा, मी तेच लिहीन, चुकलं तरी लिहीन. त्यांनी हात उचलला, पायजम्याला पुसला, परत ठेवला. बराच वेळ ठेवला.

"तुमारा कागज क्या बोलता?" त्यांनी विचारलं.

मी जुन्या पातीकडं बघून मनातल्या मनात एक घास उचलला. मग कागदावर "उजवा" लिहिलं आणि खाली सही केली. चाचांनी ती सही नीट बघून घेतली आणि पाइपवर परत पंजा न ठेवता वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली.